रोडग्याचा प्रसाद आणि पाठीतली सुई

मी देवभोळी आहे की नुसतीच भित्री, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या खेपेला दिवस गेले आणि डॉक्टर मॅडमनी सांगितलं की पहिलं सिझर झालंय तेव्हा याही वेळी सिझरच करू. तेव्हापासून मी देवीचं नाव जेवढं घेतलं तेवढं आधीच्या सगळ्या आयुष्यात घेतलं नसेल. पण खरं सांगायचं तर त्यात भक्ती कमी आणि दमदाटी जास्त होती. पोट कापण्याचं मला काही वाटत नव्हतं. ते एकदा कापून झालं होतं, शिवून झालं होतं, आणि त्या टाक्यांवर पदर घेऊन मी सुखाने वावरत होते. धास्ती होती ती भुलीची. कमरेत सुई देतात, खालचं अंग बधिर होतं, बाई जागी राहते आणि बाळाचं पहिलं रडणं आपल्या कानांनी ऐकते, असं सगळ्यांचं होतं. माझं झालं नव्हतं.

मोठीच्या वेळी सुई दोनदा दिली. उजवा पाय गेला, डावा काही केल्या जाईना. "डावीकडे कळतंय, डावीकडे कळतंय" असं मी सांगत राहिले, मग तोंडावर मास्क आला आणि पुढची माझी आठवण एकदम संध्याकाळची आहे. डोळे उघडले तेव्हा माझ्या मुलीला माझ्या नवऱ्याने पाहिलं होतं, सासूबाईंनी मांडीवर घेतलं होतं, आणि आमच्या खापरखेड्याच्या कॉलनीतली शेजारीण, जी बाजाराला नागपुरात आली म्हणून सहज डोकावली होती, तिनेही पाहून घेतलं होतं. "काय रडली वं तुही पोट्टी, अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला," असं ती मला कौतुकाने सांगत होती. माझ्या मुलीचं पहिलं रडणं वांगी घ्यायला निघालेल्या बाईच्या कानावर पडलं आणि मी तिथेच आडवी असून मला नाही, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. ती बिचारी वाटीभर साखर मागायला येते तेव्हा मी आजही वाटी शिगोशीग भरत नाही.

आता भीती दुहेरी झाली होती. एक म्हणजे हेही रडणं हुकेल. आणि दुसरी, जी मी कोणापुढे बोलत नव्हते, ती म्हणजे या वेळी जागच आली नाही तर. मोठी पहिलीत गेली होती. तिच्या दोन वेण्या घालताना मी रोज सकाळी विचार करायची की मी नसले तर हिच्या वेण्या कोण घालणार, हिचे बाबा तर बुटाची लेससुद्धा धड बांधत नाहीत. मग माझे डोळे भरायचे, वेणी वाकडी व्हायची, आणि मोठी म्हणायची की आई, बाबांनीच घातली असती तर बरं झालं असतं.

नवरा वीज केंद्रात पाळीवर असतो. त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, "तू टेन्शन नको घेऊ." मी फोनवर भुलीचे व्हिडिओ बघते हे कळल्यावर त्याने माझा फोन काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी परत दिला, कारण गॅसचा नंबर त्यातच होता. कॉलनीतल्या बायका संध्याकाळी फिरायला निघत तेव्हा मला धीर द्यायच्या. धीर म्हणजे प्रत्येकीजवळ एक गोष्ट असायची, कोणाच्या नणंदेच्या जावेला अर्धीच भूल चढली होती, कोणाच्या वहिनीची कंबर अजून धरते. गोष्टीच्या शेवटी "पण तुझं तसं नाही होणार" एवढं वाक्य जोडलं की झाला धीर.

आमच्या कॉलनीपासून कोराडीची देवी जवळ. ती सकाळी बालरूपात असते, दुपारी तरुण आणि संध्याकाळी म्हातारी, असं आमच्याकडे सगळे मानतात. मी आपली तिन्ही वेळा जाऊन आले, न जाणो कोणत्या रूपाला माझं म्हणणं पटेल. मागणंही मोघम नको म्हणून मी नीट तपशील द्यायची. सुई एकाच वेळी लागू दे, दोन्ही पाय बधिर होऊ देत, डाव्याकडे विशेष लक्ष असू दे, उलटी नको, हुडहुडी नको, आणि रडणं ऐकू येऊ दे. बदल्यात मी तर्रीपोहे, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेले पोहे, सोडीन म्हटलं. नागपूरच्या माणसाने तर्रीपोहे सोडणं म्हणजे काय ते इथल्या देवीला वेगळं सांगायला नको. एकदा गाभाऱ्यात मागची बाई म्हणाली, "अवो ताई, आम्हालेही बोलू द्या तिच्याशी."

आता सासूबाईंबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय हा अनुभव घडलाच नसता. सासूबाई उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या. सारं लहानपण हातमागाच्या खटखटीत गेलं, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंसुद्धा शेजारच्या खोलीत स्वच्छ ऐकू येतं. स्वभावाने प्रेमळ, पण त्यांची एक पद्धत आहे. घरातल्या कोणालाही काही विचारलं तर उत्तर त्या देतात. मला दिवस गेल्यावर तर माझं तोंड त्यांनी स्वतःकडेच घेतलं. मॅडमनी मला विचारावं, भूक लागते का, आणि सासूबाईंनी सांगावं, लागते. आणि दुसरी पद्धत म्हणजे वाईट बोलायचं नाही. पोटुशा बाईच्या घरात वाईट शब्द काढला की तो खरा होतो, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे मागच्या भुलीची गोष्ट आमच्या घरात कधी निघालीच नाही. मी काढायला गेले तर त्या "हाव, झालं गेलं" म्हणून मला खायला द्यायच्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी रामदासपेठेतल्या त्या दवाखान्यात भरती झाले. संध्याकाळी भुलीचे डॉक्टर तपासायला आले. हे डॉक्टर कुठल्या एका दवाखान्याचे नसतात, दिवसभर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत असतात. हे तर हातात हेल्मेट घेऊनच पलंगापाशी उभे राहिले. दम्याचा त्रास? सासूबाई म्हणाल्या, नाही. कुठल्या औषधाची ॲलर्जी? सासूबाई म्हणाल्या, नाही. मागच्या सिझरच्या वेळी भुलीचा काही त्रास? माझं तोंड उघडलं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "काही नाही झालं डॉक्टरसाहेब, सगळं मस्त झालं, देवीच्या कृपेनं." डॉक्टरांनी मान हलवली, मध्यरात्रीनंतर काहीही खायचं नाही म्हणून बजावलं आणि हेल्मेटसकट निघून गेले. मी उघडं तोंड मिटून घेतलं. स्वतःचाच राग येत होता आणि सासूबाईंचाही, पण थोरल्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायची जीभ मला कोणी शिकवली नव्हती.

सासूबाईंनी गुरुजींकडून मुहूर्त काढून आणला होता. सकाळचा. मॅडमनी हसून तो मान्यही केला होता. त्या पहाटे मी जागीच होते. पोटात बाळ ढुशा देत होतं आणि भूक अशी लागली होती की भिंतीवरच्या कॅलेंडरातलं संत्रं खावंसं वाटत होतं. उजाडता उजाडता दार ढकलून एक म्हातारी आत आली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात स्टीलचा डबा. शेजारच्या खोलीतली बाळंतीण तिची सून. नवस बोलली होती तो काल कोराडीला फेडला, तिथेच गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले, आणि आता प्रसाद समद्या खोल्यांत वाटून राहिली, असं तिने एका दमात सांगितलं.

"घे माय. देवीचा रोडगा हाय."

ज्यांनी रोडगा खाल्ला नाही त्यांना सांगते, जाडसर कणकेचा तो गोळा आरात खरपूस भाजतात, फोडतात आणि तुपात बुडवतात. म्हातारीने वरून गूळही कुस्करला होता. मी म्हटलं, आजी, मला चालत नाही, ऑपरेशन आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या देवीला दारातून हाकललं. आणि सासूबाई म्हणाल्या, "घे वं. प्रसादाले नाही म्हणू नये."

मी डोळे मिटून हात जोडले, मनात म्हटलं की देवी, तूच बघ, आणि तोंड उघडलं. नुसता कण घ्यायचा होता. पण तो तुपाचा वास, ती रात्रभरची भूक आणि त्या म्हातारीचा सढळ हात. एक घास झाला, मग प्रसाद एकदाच घेत नाहीत म्हणून दुसरा झाला, आणि मग मला काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा अख्खा रोडगा पोटात होता आणि म्हातारी दुसरा फोडत होती. तो अर्धा मी उघड्या डोळ्यांनी खाल्ला. म्हातारी समाधानाने माझ्या तोंडावरून हात फिरवून गेली. डबा टेबलावरच राहिला.

म्हातारी गेली आणि मला घाम फुटला. व्हिडिओंमधलं मला सगळं पाठ होतं. भरल्या पोटी भूल दिली आणि पोटातलं वर आलं तर काय होतं, ते मी चार वेगवेगळ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं. इतके महिने मी देवीला भुलीचं सांगत होते आणि देवीने ऐन सकाळी मलाच तुपात घोळवलं. इतक्यात सिस्टर आल्या, ऑपरेशनला घालायचा हिरवा गाऊन हातात. "काही खाल्लं नाही ना?"

"काहीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "पाण्याचा थेंब नाही घेतला तिनं."

सासूबाई खोटं बोलत नव्हत्या, हे इथे सांगायला हवं. त्यांच्या लेखी प्रसाद म्हणजे खाणं नव्हेच. उपासाला तीर्थ चालतं, प्रसाद चालतो, मग ऑपरेशनला का चालू नये? डबा समोर होता, माझ्या गाऊनवर गूळ सांडला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अगदी निर्मळ भाव होता. मी मात्र त्या वेळी मुहूर्त, सासूबाईंचा मान आणि माझा जीव असा सगळा विचार केला आणि जिवाची बाजू घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात पहिल्यांदा मी सासूबाईंच्या उत्तरानंतर उत्तर दिलं.

"सिस्टर, मी दीड रोडगा खाल्ला."

सिस्टर आधी डब्याकडे, मग माझ्याकडे पाहत राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "काहून सांगितलं वं? प्रसादाले खाणं म्हणते का कोणी?" मॅडम आल्या, कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. भुलीचे डॉक्टर हेल्मेट घेऊन आले. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुपातला?"

"तुपातला. गूळ घालून."

"ताई," ते म्हणाले, "रोडगा पोटातून उतरायला दुपार होते, हे मला डॉक्टर होण्याच्या आधीपासून माहीत आहे." मॅडमनी त्यांच्याशी दाराबाहेर बोलणं केलं. बाळाचे ठोके उत्तम होते, कळा नव्हत्या, घाई काही नव्हती. ऑपरेशन दुपारनंतर ठरलं आणि डॉक्टर आपल्या पुढच्या दवाखान्याकडे निघून गेले. गुरुजींचा मुहूर्त रोडग्यावरून वाहून गेला. सासूबाई एक शब्द न बोलता बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या, आणि त्यांचं न बोलणं त्यांच्या बोलण्याहून मोठं ऐकू येत होतं. नवऱ्याने आत येऊन मला टेन्शन न घेण्याचं सांगितलं आणि तोही त्यांची समजूत घालायला बाहेर गेला.

दुपारभर मी एकटी पडून होते. खरं सांगते, मी देवीवर चिडले होते. एवढं सविस्तर सांगूनही, तर्रीपोहे सोडूनही तिने माझं दवाखानाभर हसं करून ठेवलं. बाहेरून जाणारी प्रत्येक सिस्टर दारातून डोकावून बघत होती, रोडगेवाली पेशंट कोणती म्हणून. मी उशीत तोंड खुपसून रडले आणि रडताना पुन्हा भूक लागली, त्याचीही लाज वाटली.

ऊन कलायला लागलं तेव्हा भुलीचे डॉक्टर परत आले. या वेळी त्यांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि स्टूल ओढून बसले. बाकीचे दवाखाने आटोपून आले होते. म्हणाले, "ताई, काल आजींनी सांगितलं की मागच्या वेळी भुलीचा काही त्रास झाला नाही. पण आज सकाळपासून मला आजींच्या उत्तरांबद्दल जरा शंका यायला लागली आहे. तुम्ही सांगा."

खोलीत सासूबाई नव्हत्या. पण असत्या तरी त्या दिवशी मी बोललेच असते. दीड रोडग्याची कबुली एकदा देऊन बसलेल्या बाईला पुढचं काही जड जात नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. दोन सुया, डावा पाय, मास्क, शेजारीण, वांगी. मोठीच्या वेण्यांचंही सांगितलं, त्याचा भुलीशी काही संबंध नव्हता तरी. ते मधे एकदाही घड्याळाकडे न बघता ऐकत होते. मग त्यांनी मला उठून बसायला लावलं आणि मणक्यावरून बोटं फिरवत खाली खाली गेले, थांबले, पुन्हा वर गेले. म्हणाले, पाठीला थोडासा बाक आहे, एका बाजूला. कधी कधी त्यामुळेही औषध एकीकडे जास्त पसरतं. मागच्या वेळी नेमकं कशाने झालं ते सांगता येणार नाही, पण हे कळलं ते बरं झालं, आता मी त्या हिशोबाने बसवेन आणि जागा शोधायला वेळ घेईन. दोन्हीकडे बधिर झाल्याचं तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय कोणी हात लावणार नाही.

"आणि रडणं ऐकू येईल ना?" मी विचारलं.

"ते वचन मी देत नाही," ते म्हणाले. "घाई करणार नाही, एवढं देतो."

मला वाटलं होतं की असं काही ऐकलं तर मी आणखी घाबरेन. पण उलटंच झालं. इतके दिवस सगळे मला "काही होत नाही" म्हणत होते आणि त्यातलं एक अक्षर मला पटत नव्हतं. या माणसाने होईल म्हटलं नाही, होणार नाही म्हटलं नाही, आणि माझ्या छातीवरचा दगड अर्धा उतरला. ते गेल्यावर मी पडल्या पडल्या मागे मोजत गेले. डॉक्टर निवांत आले कारण ऑपरेशन पुढे गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं कारण सकाळी सासूबाईंचं उत्तर चुकीचं निघालं. आणि ऑपरेशन पुढे गेलं, उत्तर चुकलं, माझं तोंड उघडलं, या सगळ्याच्या मुळाशी तो डबा होता. मी त्या डब्याकडे बघितलं आणि अंगावर काटा आला. मग मनात शंका आली की ती म्हातारी कोण? देवीच्या अनुभवांच्या गोष्टींत मदत करणारं माणूस पुढे सापडत नाही, चौकशी केली तर असं कोणी इथे आलंच नव्हतं म्हणून कळतं, हे मी कितीदा ऐकलेलं. पण कोराडीची देवी सकाळी तर बालरूपात असते, म्हातारी संध्याकाळी. वेळ जुळत नव्हती. मी हे कोडं सोडवत होते तेवढ्यात दार उघडलं आणि म्हातारी आत आली.

"माहा डबा राह्यला वं इथं," ती म्हणाली. डबा उचलला, आत बघितलं, उरलेला अर्धा रोडगा तसाच पाहून नाराज झाली आणि गेली. मी तिला वाकून नमस्कार करणार होते, पण पोटामुळे वाकता आलं नाही.

थिएटरमध्ये गार होतं. टेबलावर पाय सोडून बसवलं, सिस्टरने समोरून माझे खांदे धरले आणि डॉक्टर मागून म्हणाले, मांजर बसते तशी पाठ गोल करा आणि खांदे सैल सोडा. सैल सोडा म्हटल्यावर माझे खांदे कानाला लागले. ते पुन्हा म्हणाले, सैल. मी आणखी ताठ. त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे घाई केली नाही, मागे नुसते उभे राहिले. मी देवीला सांगायला सुरुवात केली, एकाच वेळी लागू दे, डाव्याकडे लक्ष दे, आणि अर्ध्यातच मला कसंतरी वाटलं. आज सकाळपासून मी सांगितलेलं एकही तिने केलं नव्हतं. आणि तरी, नव्हे त्यामुळेच, आपण इथवर नीट आलो होतो. माझ्या यादीत रोडगा नव्हता. मला सुचलाच नसता. मी मनात म्हटलं, आई, आता मी काही सांगत नाही. मोठी माझी नाही, तुझी आहे. पोटातलंही तुझंच. मला उठवायचं असेल तर उठव. एवढं म्हटलं आणि सिस्टरच्या खांद्यावर डोकं टेकवून मी गप्प झाले. खांदे कधी खाली आले मला कळलं नाही. मागून आवाज आला, "हां ताई, असंच राहा."

सुई एकदाच लागली. उजवा पाय ऊन पाण्यात बुडाल्यासारखा झाला आणि पाठोपाठ डावा. डॉक्टर स्पिरिटचा गार बोळा इकडे तिकडे लावून विचारत होते, इथे गार लागतं का, इथे? उजवीकडे नाही. डावीकडे लावला तेव्हा मी उत्तर द्यायच्या आधी दोनदा विचार केला, इतकी मला खात्री वाटेना. "नाही," मी म्हटलं, "पुन्हा लावून बघा." त्यांनी पुन्हा लावला. नाही. "आता तुम्ही पुन्हा पुन्हा लावायला सांगून माझं स्पिरिट संपवाल," ते म्हणाले. पडद्याच्या पलीकडे मॅडम आणि सिस्टर सांबारवडीबद्दल, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वडीबद्दल, बोलत होत्या, कोणाकडची जास्त खुसखुशीत असते. माझं पोट उघडं आणि यांची चर्चा वडीची, हे ऐकून मला फार बरं वाटलं. काळजीचं असतं तर वडी निघाली नसती.

मग पोटात कोणीतरी कपाट आवरतंय असं वाटलं, सगळं गप्प झालं, आणि ते आलं. आधी खरखर, मग एक लांब, चिडलेलं रडणं. माझ्या कानांनी ऐकलं. शेजारणीच्या आधी, सासूबाईंच्या आधी. दुसरीही मुलगीच. तिचा गाल माझ्या गालाला लावला तेव्हा मी इतकी रडले की डॉक्टरांनी विचारलं, डावीकडे कळतंय का?

आज सवा महिना उलटून गेला आहे. धाकटीला घेऊन कोराडीला जाऊन आले. गाभाऱ्यात उभी राहिले आणि काही मागायचं सुचेना, मागची बाई आपण होऊन म्हणाली, तुमचं झालं का. तर्रीपोहे मी सोडले आहेत आणि सकाळी फार आठवण येते, पण कबूल केलं ते केलं. एक मात्र मला कळलं. मी आजवर माणसांपुढे गप्प बसत होते आणि देवीपुढे अखंड बोलत होते. ते उलटं करायला हवं होतं. आपलं जे खरं दुखणं आहे ते डॉक्टरला, नवऱ्याला, सासूला तोंडाने सांगावं, आणि त्याचं पुढे काय व्हावं ते मात्र तिच्यावर सोडावं. तिला कसं करायचं ते शिकवायला जाऊ नये. तिच्या मनात काय आहे ते आपल्याला तुपाच्या डब्यातसुद्धा ओळखू येत नाही.

पण दवाखान्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस असेल. नवरा मोठीला घेऊन आला होता, ती पलंगावर बसून धाकटीची बोटं मोजत होती. सासूबाई तोवर माझ्याशी बोलायला लागल्या होत्या, पण थोडं थोडंच. एकदम म्हणाल्या, "मले माहीत होतं वं, तुले मागच्या वेळी त्रास झाला ते. मी दाराबाहेरच होती. तू 'कळते कळते' म्हणून ओरडून राहिली होती, मले ऐकू येत होतं. ते पुन्हा तोंडावर आणायची माही हिंमत नाही झाली." आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला. मी सहा वर्षं समजत होते की यांना माझ्या दुखण्याचं काही वाटलंच नाही. मी त्यांचा हात धरला. मग जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं, की आई, धाकटीचं ऐकलं, पण मोठीचं रडणं मला कधीच मिळणार नाही, एवढं मनाला लागून राहिलं आहे.

सासूबाई थोडा वेळ आठवत बसल्या. मग त्यांनी डोळे मिटले, मान वर केली आणि हातमागाच्या खटखटीवर मात करणाऱ्या त्या आवाजात रडून दाखवलं. एकदा मोठ्यांदा. मग थांबल्या. "अशी रडली आणि अशी थांबली," त्या म्हणाल्या, "जशी कोणी ऐकून राहिलं का हे पाहून राहिली. आणि मंग पुन्हा." आणि पुन्हा रडल्या, लांब, शेवटी आवाज चिरकत नेऊन. कॉरिडॉरमधून दोन सिस्टर धावत आल्या, कोणत्या खोलीतलं बाळ म्हणून. मोठी आजीकडे तोंड उघडं टाकून बघत होती. म्हणाली, "मी अशी रडली होती? एवढी मोठ्यानं?"

हसू आलं तर टाके ओढत होते आणि रडू आलं तर तेही ओढत होते, म्हणून मी नुसती पडून राहिले आणि ऐकलं. सासूबाईंनी माझ्यासाठी तिसऱ्यांदा करून दाखवलं, थांबण्यासकट. माझी मुलगी जन्मल्यावर ज्या घडीला कोणी ऐकतंय का म्हणून थांबली होती, त्या घडीला तिची आजी दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. देवी, हे मी तुझ्याकडे मागितलं नव्हतं, मागता येतं हेही मला माहीत नव्हतं.